दातांच्या तारा: नेहमीचे डेंटिस्ट की ऑर्थोडॉन्टिस्ट?

आपल्या 13 वर्षांच्या मुलीचे दात दाटीवाटीने आले आहेत आणि वरचा एक सुळा अजून हिरडीबाहेर आलेला नाही, असे आपण कळवले आहे. नेहमीच्या डेंटिस्टांनी सांगितलेला खर्च ऑर्थोडॉन्टिस्टांनी, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांनी, सांगितलेल्या खर्चाच्या दोन तृतीयांश आहे. या दोन खर्चांतला फरक आपत्कालीन निधीतून भरावा का, असे आपण विचारता.

माझ्या मते ऑर्थोडॉन्टिस्टांकडेच जावे, आणि ते त्या सुळ्यासाठी. हाडात अडकलेला सुळा शेजारच्या दाताचे मूळ झिजवू शकतो. त्याला जागेवर आणण्यासाठी अनेकदा हिरडी उघडून त्यावर बारीक साखळी चिकटवावी लागते आणि महिनोन्महिने हलक्या ताणाने तो ओढावा लागतो. पदवीनंतर दोन-तीन वर्षे केवळ दात व जबड्यांच्या रचनेचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचा उपयोग इथे होतो. फक्त पुढच्या दातांत थोडी फट असती, तर अनुभवी डेंटिस्टांकडे जाण्यास मी आनंदाने होकार दिला असता.

पदवी म्हणजे निकालाची हमी नव्हे, म्हणून दोघांनाही अशा रुग्णांचे उपचारापूर्वीचे आणि नंतरचे साचे दाखवायला सांगा. या तुलनेसाठी 1992 पासून पीएआर नावाची गुणपद्धती आहे, तीत दातांची रचना जितकी बिघडलेली तितके गुण जास्त: सुरुवातीचे गुण किमान 30 टक्क्यांनी उतरले नाहीत, तर सुधारणा झाली असे मानत नाहीत, आणि चांगल्या दवाखान्याची सरासरी घट 70 टक्क्यांच्या वर असावी अशी अपेक्षा असते.

अंदाजपत्रकांतही नुसती एकूण रक्कम पाहू नका. एक्स-रे, सुळ्याची शस्त्रक्रिया, तुटलेला ब्रॅकेट (तार धरणारा, दातावर चिकटवलेला तुकडा) पुन्हा बसवणे आणि शेवटचे रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे साधन) स्वस्त आकड्यात धरलेले नसतील, तर तो एक तृतीयांशाचा फरक बराच आटू शकतो. रिटेनर न वापरल्यास दात पुन्हा सरकतात, आणि दुसऱ्यांदा तारा लावण्याचा खर्च कोणत्याही बचतीला गिळून टाकतो.

आपत्कालीन निधीला मात्र हात लावू नये. असे उपचार साधारण 18 ते 24 महिने चालतात, सुळा अडकलेला असल्यास त्याहूनही लांबतात. त्यामुळे बिनव्याजी मासिक हप्ते मागा आणि फरकाची रक्कम चालू बचतीतून भरा. सगळे पैसे आधी देऊ नका, कारण मध्येच गाव किंवा डॉक्टर बदलावे लागले, तर न झालेल्या कामाचे पैसे परत मिळवणे जड जाते. अशा वेळी हिशेब कसा होईल, हे पहिल्या हप्त्याआधी लेखी घ्या.