घास गालातच राहतो

प्रश्न : सासूबाईंना अल्झायमर होऊन आठ वर्षं झाली. आता बोलणं जवळपास बंद आहे. घास गालात धरून बसतात, पाणी पाजताना ठसका लागतो, वजनही उतरलंय. नाकातून नळी घालावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी भरवण्याची पद्धत तपासा. पुष्कळ घरांत माणसाला उशीला टेकवून, मान मागे करून वाटीने पाणी तोंडात ओततात. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते आणि पाणी तिकडे उतरतं. त्यांना खुर्चीत ताठ बसवा, पाय टेकलेले, हनुवटी किंचित छातीकडे. तुम्हीही समोर बसा. उभ्याने भरवलंत तर त्या वर बघणारच.

चहाचा चमचा अर्धाच भरा आणि जिभेवर हलका दाबून घास सोडा. कंठ वर जाऊन खाली आलेला दिसल्याशिवाय पुढचा घास नाही. घास तसाच राहिला तर रिकामा चमचा ओठांना लावा, पुष्कळदा तेवढ्यानेच गिळलं जातं. जेवायला पाऊण तास लागला तरी लागू दे.

पाणी, चहा घशाकडे फार वेगाने जातात. म्हणून ते दाट करून द्यायचे; किती दाट, ते स्पीच थेरपिस्टकडून (बोलण्या-गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करणारे तज्ज्ञ) गिळण्याची तपासणी करून ठरवून घ्या. गुरगुट्या भात-वरण मिक्सरमधून एकजीव करा. दुधात कालवलेली पोळी मऊ वाटते खरी, पण दूध आधी उतरतं आणि तुकडे मागे राहतात. चिवडा, साबुदाणा बंदच.

जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा आणि मऊ ब्रशने गाल साफ करा. बोट घालू नका, दात घट्ट मिटतात. ही सफाई टाळू नका, कारण तोंडातले जंतू फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो.

गिळणं अचानक बिघडलं असेल तर तोंड आलंय का, कवळी सैल झालीय का, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग किंवा झोपेचं नवं औषध आहे का, ते बघा. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुटू नका.

आता नळी. आजार इतका पुढे गेल्यावर नळीने आयुष्य वाढत नाही आणि न्यूमोनियाही टळत नाही. लाळ श्वासनलिकेत जातच राहते. नळी उपसू नये म्हणून हात बांधावे लागतात, ते हाल वेगळेच. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेनेही 2014 मध्ये अशा रुग्णांना नळीऐवजी हातानेच सावकाश भरवा, असं सांगितलं. खाणं थोडं झालं तरी चालेल. त्यांनी तोंड फिरवलं की थांबा, तासाभराने पुन्हा विचारा.

ताप, जोराचा श्वास किंवा जेवणानंतर घशात घुरघुर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.