पोरगं घोरतंय, त्यात काय बिघडलं?

मुलांच्या झोपेबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. ताप-खोकल्याला येत नाहीत एवढी पत्रं आली. बहुतेक आयांची आहेत आणि रात्री उशिरा लिहिलेली आहेत, अक्षरावरून कळतं. त्यातली काही इथं घेतली आहेत. नावं गाळली आहेत.

मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. सर्दी नसली तरी रोज घोरतो. तोंड उघडं टाकून, मान मागं करून झोपतो. घामानं उशी भिजते. मधे बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय. शाळेतून तक्रार आहे की एका जागी बसत नाही. ह्यांचं म्हणणं, घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, आमचे मामंजी पण घोरतात. दाखवायची गरज आहे का? (इचलकरंजी)

आहे. मामंजींनाही दाखवा, पण आधी नातवाला.

सर्दीत चार रात्री घोरणारं मूल वेगळं. सर्दी नसताना आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री घोरणारं मूल तपासायलाच हवं. नाकाच्या मागं अ‍ॅडेनॉइड आणि घशात टॉन्सिल असतात, दोन्ही मांसल गाठीच. साधारण दोन ते आठ वर्षांच्या वयात तिथल्या जागेच्या मानानं ते मोठे असतात. मूल जागं असताना घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात, वाट आवळते, कधी बंदच होते. मग मेंदू क्षणभर जागा होऊन वाट मोकळी करून घेतो. मूल उठून बसत नाही, त्यामुळं घरच्यांना वाटतं छान झोपलंय. पण झोप रात्रभर तुटत असते. घाम त्या कष्टाचा, आणि अंथरूण ओलं होण्याचाही याच्याशी संबंध असू शकतो. मोठ्या माणसाची झोप मोडली की तो दुसऱ्या दिवशी पेंगतो. लहान मूल बहुधा उलट करतं, धिंगाणा घालतं. त्यावर ‘हायपर’ असा शिक्का मारण्याची आपल्याकडं फार घाई असते.

आता एक काम करा. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान दिवा लावा, बनियन वर करा आणि छाती, पोट, चेहरा एकत्र दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. आवाजासकट. पहाटेच, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि मुलांचा श्वास मुख्यतः त्याच झोपेत अडतो. दिवसा तपासताना टॉन्सिल केवढे दिसतात यावरून रात्रीचा त्रास ओळखता येत नाही. व्हिडिओत श्वास घेताना पोट वर आणि छाती आत ओढलेली दिसली, किंवा घोरणं मधेच थांबून मग हुंदक्यासारखा श्वास आला, तर निम्मं निदान तुम्हीच केलंत.

पुढं झोपेची तपासणी, म्हणजे पॉलीसोम्नोग्राफी, करायला सांगतील. डोक्याला, डोळ्यांपाशी, हनुवटीला वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. दुखत काही नाही, आईनं शेजारी झोपायचं. मात्र रिपोर्ट कुणाच्या मापानं वाचलाय ते विचारा. मोठ्या माणसाचा श्वास तासाला पाचपेक्षा कमी वेळा अडला तर तो नॉर्मल धरतात. मुलांत तासाला एकच्या वर गेलं तरी दखल घ्यायची असते. मोठ्यांच्या मापाचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन आलेली मुलं मी पाहते, तेव्हा चिडचिड होते.

ऑपरेशनचं लगेच मनावर घेऊ नका. 2013 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. पाच ते नऊ वर्षांची 464 मुलं होती. निम्म्यांचे टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड लवकर काढले, निम्म्यांना देखरेखीखाली सात महिने थांबवलं. लक्ष देण्याच्या मुख्य परीक्षेत ठळक फरक पडला नाही. वागणं, घोरणं, एकूण तब्येत मात्र ऑपरेशनवाल्यांची जास्त सुधारली. झोपेचा रिपोर्ट त्यांच्यातल्या 79 टक्के मुलांचा सुधारून नॉर्मल झाला, आणि नुसत्या थांबलेल्यांतही 46 टक्क्यांचा झाला. त्रास सौम्य असेल तर नाकातल्या स्प्रेवर काही दिवस काढून बघता येतं. तुमचा मुलगा घाम, अंथरूण आणि शाळेपर्यंत पोचलाय, त्यामुळं तपासणी लांबवू नका. आणि घराखालीच माग चालत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. पिंजेनं नाक चोंदतं.

नात चार वर्षांची आहे. झोपून दीड-दोन तास झाले की किंचाळून उठते. डोळे टक्क उघडे, पण आईलाही ओळखत नाही. सकाळी विचारलं तर काही ठाऊक नसतं. दृष्ट काढली, जोतिबाचा अंगारा लावला. बाहेरचं काही असेल का? (एक आजी, गडहिंग्लज)

आजी, बाहेरचं काही नाही, आतलंच आहे. अंगारा लावा, त्यानं काही बिघडत नाही. पण त्या वेळी तोंडावर पाणी मारू नका आणि हलवून जागं करू नका. पोर जास्त बिथरते.

मुलांची सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात असते. त्यातून बाहेर येताना मेंदूचा एक भाग उठतो, दुसरा झोपलेलाच राहतो. वाईट स्वप्न पहाटेकडं पडतं, मूल पूर्ण जागं होतं आणि काय दिसलं ते सांगतं. तुमच्या नातीला सकाळी काहीच आठवत नाही, म्हणजे ती घाबरली ती तुमच्या दृष्टीनं, तिच्या नाही. नुसतं जवळ बसा, कशावर आपटणार नाही एवढं बघा. जत्रा, लग्नघर, दुपारची झोप बुडणं, ताप, यानं हे वाढतं. रोज ठरल्या वेळेला होत असेल तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटं तिला हलकंसं चाळवायचं आणि परत झोपू द्यायचं. काही आठवडे असं केलं की बऱ्याच मुलांचं थांबतं. एका रात्रीत पुष्कळदा होत असेल, दरवेळी हातपाय तसेच ताठ होत असतील, तर मात्र व्हिडिओ घेऊन या. तो फिटचा प्रकार नाही ना, ते बघावं लागेल.

मॅडम, मी बालरोगशास्त्रात एमडी करतेय. मुलांच्या झोपेचं शास्त्र आम्हाला जेमतेम शिकवतात. ते आपल्याकडं पुढं जायचं तर काय लागेल? मुंबई-पुण्याला न जाता इथं काही करता येईल का? (कोल्हापूर)

तुला ‘तू’ म्हणते. येईल. यंत्र नाही म्हणून रडत बसू नको. यंत्र नंतरचं.

1889 मध्ये विल्यम हिल या डॉक्टरनं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं की, शाळेत मठ्ठ ठरवलेली काही मुलं मुळात नाक चोंदल्यामुळं तशी झालेली असतात. ते वाचून फारसं कुणी हललं नाही. शिकागोत युजीन असेरिन्स्की झोपलेल्या बाळांचे डोळे न्याहाळत बसायचा. पुढं त्यानं स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला यंत्राला जोडलं, आणि 1953 मध्ये डोळे झरझर फिरतात त्या, म्हणजे स्वप्नांच्या, झोपेचा शोध छापून आला. 1976 मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्तियान गिलमिनो आणि सहकाऱ्यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांवर निबंध लिहिला. मुलं किती? आठ. आठ मुलं तुझ्या ओपीडीत एका आठवड्यात येऊन जातात. आपण विचारत नाही, म्हणून ती खोकल्याचं औषध घेऊन घरी जातात.

तेव्हा पहिलं काम केसपेपरवर. वजन-उंचीखाली झोपेची एक ओळ: झोपायला त्रास देतो का, दिवसा पेंगतो का, रात्री उठतो का, किती वाजता झोपतो-उठतो, घोरतो का. पाचच प्रश्न. डाउन सिंड्रोमच्या मुलाला तर घरचे काही म्हणोत न म्हणोत, चार वर्षांच्या आत झोपेची तपासणी सांगायची. त्यांच्या आईबापांच्या सांगण्यावरून अंदाज चुकतो.

दुसरं, रात्रभराचं ऑक्सिजनचं रेकॉर्डिंग. बोटाच्या साध्या, नोंद ठेवणाऱ्या ऑक्सिमीटरवर होतं. ऑक्सिजन पुन्हा पुन्हा झुपक्यानं खाली जात असेल तर त्या मुलाला रांगेत पुढं काढायचं. रेकॉर्डिंग चांगलं आलं म्हणून आजार नाही असं मात्र म्हणायचं नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची. बाहेरच्या प्रश्नावल्यांत विचारतात, मूल स्वतःच्या खोलीत झोपतं का? आपल्याकडं एका खोलीत आई-बाप, आजी, दोन भावंडं, वर रात्रपाळीहून येणारा काका. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर स्पीकर लावून घरासमोरून जातात. अशा घरात मूल किती वाजता झोपतं, किती वेळा उठतं, याच्या नोंदी आपणच काढायच्या. एक वही, दोन आठवडे, शंभर घरं. प्रबंधाला विषय शोधत असशील तर हा घे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास आणि पुढं अठरापर्यंत 8 ते 10 तास झोप हवी, हे पुस्तकात आहे. ते कागलच्या किंवा हुपरीच्या घरात कसं बसवायचं, ते पुस्तकात नाही.

अशा आकड्यांचा उपयोग होतो. 2024 मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. वयात येताना झोपेचं घड्याळ पुढं सरकतं, म्हणजे सकाळची खरी अडचण आठवी-दहावीच्या पोरांची. त्यांच्या पहाटे साडेपाचच्या क्लासला हात लावायचा तर कुणीतरी इथले आकडे घेऊन उभं राहायला हवं.

सात वर्षांचा मुलगा रात्री पाय चेपून मागतो. पाय सारखे हलवतो, झोप येत नाही म्हणतो. हिमोग्लोबिन बरोबर आहे. वाढीचं दुखणं म्हणून सोडून द्यावं का? (शिरोळ)

सोडू नका. फेरिटिन तपासा, म्हणजे साठ्यातलं लोह. हिमोग्लोबिन बरोबर असूनही साठा रिकामा असू शकतो. रात्री पाय असे अस्वस्थ होणाऱ्या मुलांत ते 50 च्या खाली असेल तर लोहाचं औषध देतात. डोस वजनावर ठरतो, दुकानातून परस्पर आणू नका. आणि सकाळी चहा-चपाती देत असाल तर चहा बंद. अन्नातलं लोह तो अंगी लागू देत नाही.

बाळ पाच महिन्यांचं आहे, रात्री दर दोन-तीन तासांनी उठतं. सासूबाई जायफळ उगाळून द्या म्हणतात, नणंद म्हणते सर्दीचं औषध दोन थेंब दे. (कागल)

दोन्ही नको. सहाणेवर किती उगाळलं गेलं याला माप नाही आणि जायफळ जास्त झालं तर विषारी आहे. सर्दीच्या औषधांत नेहमी एकत्र घालतात अशा दोन औषधांच्या एका जोडीवर, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापायला सरकारनंच 2023 मध्ये सांगितलंय. आणि पाच महिन्यांचं बाळ रात्री दुधाला उठणारच, त्यात आजार काही नाही. त्याला उताणं, सपाट घट्ट अंथरुणावर झोपवा. डोक्याखालची मोहरीची उशी काढा. रात्रीचं एक उठणं बाळाच्या बाबांच्या वाट्याला द्या. पाजता येत नसलं तरी ढेकर काढता येते.