तीन गिअरच्या जुन्या रॅले सायकलची केवळ फ्रेम उरली आहे; ठाण्यात ती पुन्हा उभी करता येईल का आणि खर्च किती येईल?

उभी करता येते. मी केली आहे. खर्चाचा आकडा मात्र सांगता येत नाही, कारण चाकांच्या रिमा, टायर, मडगार्ड हे सारे आपल्याकडच्या साध्या २८ इंची सायकलचे चालते, पण तीन गिअरचे हब (मागच्या चाकाच्या मध्यभागी बसणारा, पोटात गिअर असलेला भाग) विकणाऱ्याच्या मर्जीने मिळते, आणि तुमची गरज त्याने ओळखली की भाव तोच ठरवतो.

आमचे वडील त्यांच्या रॅलेवरून नौपाड्याहून वागळे इस्टेटला कामावर जात असत. त्यांच्यानंतर ती सायकल थोरल्या भावाकडे आली. एकदा कोपरीच्या पुलावर पायडलवर उभा राहून जोर लावत असताना त्याचे पायडल एकाएकी मोकळे फिरले आणि गुडघा हँडलवर आपटला. "गिअर म्हणजे नसते दुखणे," असे म्हणून दादाने घर बदलताना दोन्ही चाके भंगारात घातली. फ्रेम तेवढी मी माळ्यावर दडवून ठेवली.

दोष हबचा नव्हता, हे मी तेव्हाही सांगत होतो. रॅलेला असलेले स्टर्मी-आर्चर कंपनीचे एडब्ल्यू नावाचे हब १९३६ पासूनचे आहे. पहिल्या गिअरला चाक मागच्या दातेरी चक्राच्या पाऊणपट फिरते, दुसऱ्याला थेट आणि तिसऱ्याला सव्वापटीहून थोडे अधिक. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक अशी जागा असते, की तेथे आतले काहीच पकड घेत नाही. केबल सैल पडली की दुसरा गिअर घसरून नेमका त्या जागी येतो. उपाय मिनिटभराचा आहे: हँडलवरचा गिअरचा खटका दुसऱ्यावर ठेवावा, मागच्या चाकाच्या उजव्या नटाच्या खिडकीतून आत पाहावे आणि केबलच्या टोकाची बारीक साखळी ज्या दांडीला जोडलेली असते, तिचा खांदा आसाच्या टोकाशी समपातळीत येईल इतकी केबल ताणावी. दादाने त्या खिडकीत कधी डोकावूनही पाहिले नाही.

पुढे चोर बाजारात मला ६२ हा आकडा कोरलेले, म्हणजे १९६२ सालचे हब मिळाले. त्याला ४० छिद्रे होती; तेव्हा रिम घेण्यापूर्वी छिद्रे मोजावीत. हबमध्ये पातळ तेल घालावे. ग्रीस ठासून भरणाऱ्या मेकॅनिकच्या हाती ते देऊ नये, कारण घट्ट ग्रीसमध्ये हबच्या आतले, पकड घेणारे छोटे खटके चिकटून बसतात.

तुमच्याकडे नुसती फ्रेम असल्यामुळे आधी क्रँकच्या वाट्यांचे (पायडलच्या दांड्यांचा आस ज्यांत फिरतो त्यांचे) आटे तपासा. रॅलेचे आटे इंचाला २६ असतात, तर बाजारातील इंग्लिश मापाच्या वाट्या २४ आट्यांच्या. अशी वाटी एक-दोन फेरे आत जाते आणि अडते. तेथे पाना लावून जोर करणाऱ्याला थांबवा, नाहीतर फ्रेमही भंगारात जाईल. मूळ रंग शक्यतो खरवडू नका.

सायकल तयार झाल्यावर मी ती येऊरच्या चढावर नेली आणि दादाला मुद्दाम सोबत घेतले. दुसरा गिअर एकदाही घसरला नाही. त्यावर तो इतकेच म्हणाला, "हे हब वेगळे आहे."

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: आतले भाग झिजलेले असतील, तर केबल बरोबर असूनही गिअर घसरतो, आणि हब उघडल्याशिवाय ते कळत नाही. वडिलांचे हब तसे झिजले होते, असे दादा आजही म्हणतो. ते उघडून पाहायला आता उरलेले नाही, आणि ते त्यानेच किलोच्या भावाने विकले आहे.