ट्रॅक्टरच्या सेंटर पिनच्या ग्रीस निप्पलचे आटे गेलेत, गन लावली की निप्पल उडून येतो, काय करू?

दादा, तुम्ही लिहिलंय की पुढच्या एक्सलच्या सेंटर पिनचा निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं बारीक तोंड, हाताने फिरवला तर नुसता गोल फिरतोय, गन मारली की सटकन बाहेर येतोय, आणि तुमचा मेकॅनिक म्हणतोय एम-सील लावू नाहीतर वेल्डिंगचा टाका मारून टाकू. दोन्ही करू नका. आटे परत मारता येतात, ते काम अवघड नाही, पण त्याच्या आधी एक गोष्ट बघा नाहीतर नवा निप्पल पण तसाच उडणार.

मी पलूसला ट्रॅक्टर-ट्रॉलीचंच काम करतो. आमच्याकडं साखर कारखान्याचा बॉयलर पेटल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, ट्रॅक्टर उसाखाली असतात, काळ्या रानातला चिखल, रस्त्याचा फुफाटा, आणि ग्रीसिंग राहून जातं. मग सेंटर पिनच्या आत जुनं ग्रीस आणि माती मिळून डिंकासारखं घट्ट बसतं. माणूस गन लावतो, ग्रीस जात नाही, म्हणून अजून जोर लावतो, आणि हा जोर जायला दुसरीकडं वाट नसते म्हणून तो निप्पललाच मागं ढकलतो. हाताच्या साध्या लिव्हर गनचं प्रेशर ४०० बारपर्यंत सहज जातं. ६ मिलीमीटरच्या भोकावर एवढं प्रेशर म्हणजे निप्पलवर शंभर किलोच्या वर जोर झाला, आणि निप्पलला आटे किती, तर पाच-सहा मिलीमीटर लांबीचे. सारखं असं झालं की आटे जाणारच. म्हणजे आटे गेले हे नंतरचं, मूळ दुखणं आतली वाट बंद आहे हे.

म्हणून पहिलं एक्सलखाली जॅक लावू नका, ट्रॅक्टरच्या पुढच्या बॉडीखाली, सपोर्टखाली लावा आणि पुढची चाकं जरा अधांतरी करा, मागच्या चाकांना दगड लावून. असं केलं की पिनवरचं वजन निघतं आणि पिन आणि बुश (पिन ज्या नळीत बसते ती) यांच्यातला गॅप मोकळा होतो. वजन असताना ग्रीस ज्या बाजूला खरी झीज होते तिकडं पोचतच नाही, हे बरेच लोक करत नाहीत. मग निप्पल काढून भोकात बारीक तार घालून जेवढं घट्ट ग्रीस निघतंय तेवढं उकरून काढा, डिझेल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी एक्सल हाताने वरखाली डोलवा, परत डिझेल, परत तार. तरी वाट मोकळी झाली नाही तर भोकात ऑइल भरायचं आणि भोकात जेमतेम सरकेल अशी गोल सळी घालून हातोडीने हळू टोले द्यायचे, त्या प्रेशरने गच्च बसलेलं पुढं सरकतं. डोळ्याला चष्मा लावा आणि तोंड वर धरू नका, ऑइल जोरात उडतं. तेवढ्यानं पण नाही गेलं तर पिनच बाहेर काढून साफ करायची, आणि पिन निघालीच तर बुश पण बघून घ्या, बरेचदा ग्रीसिंग नसल्यामुळं तोवर बुश लंबगोल झालेला असतो.

आता आट्याचं. जुना निप्पल टाकून देऊ नका, तोच घेऊन दुकानात जा, शक्यतो व्हर्नियरने मोजून. पिचमध्ये, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरात, गल्लत होते आणि इथंच जास्त लोकांची कामं बिघडलेली मी बघितलीत. आपल्याकडं निप्पल साधारण एम ६, एम ८, एम १० आणि १/८ इंची पाइप आट्याचे मिळतात, काही जुन्या आणि परदेशी मशिनरीला पाव इंची २८ आट्याचे असतात. एम ६ चा पिच १ मिलीमीटर असतो, म्हणजे कुठलाही साधा एम ६ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) चालतो. पण एम ८ चा निप्पल पण १ च पिचचा असतो, आणि दुकानात नुसतं एम ८ चा टॅप द्या म्हटलं की तो सव्वाचा देतो, १.२५ चा. त्याने आटे मारले की निप्पल एक-दोन फेरे जातो आणि अडकतो, मग पोरगं पान्यानं ओढून ओढून बसवतं आणि आत्ता जे झालंय तेच परत होतं. एम १० ला तर फरक अजून मोठा, साधा टॅप दीडचा आणि निप्पल १ चा. म्हणून दुकानात स्पष्ट सांगायचं, एम ८ बाय १, बारीक आट्याचा.

एम १० आणि १/८ इंची हे पण दिसायला सारखेच. एम १० म्हणजे १० मिलीमीटर आणि १/८ इंची भरतो साधारण ९.७३, इंचाला २८ आटे. इंची भोकात एम १० घातला तर सुरुवातीला घट्ट घट्ट जातो, माणसाला वाटतं चांगला बसला, आणि आत आटे कापले जातात. उलटं केलं तर ढिला राहतो. ज्या भोकाला आधी कुणी हात लावलाय तिथं हा घोळ आहे का बघाच.

तुमचा जुना बहुतेक एम ६ असणार, तर सरळ एम ८ बाय १ करा. ७ मिलीमीटरचं ड्रिल, मग टॅप. जुना एम ८ निघाला तर एम १० बाय १ ला ९ चं ड्रिल, किंवा १/८ इंचीला ८.८ चं. काही जण एम ६ च्या गेलेल्या भोकात पाव इंची दाबून बसवतात, तो एखाद-दुसऱ्या आट्यावर धरतो आणि गन जोरात मारली की निघतो, त्या वाटेला जाऊ नका.

ड्रिल मारायच्या आधी भोकात ग्रीस भरा, चांगलं गच्च, म्हणजे बुरा (लोखंडाचा कीस) खाली बुशमध्ये न पडता ग्रीसला चिकटून राहतो. ड्रिलच्या टोकापासून साधारण १२ मिलीमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, तेवढंच आत जायचं, आरपार मोठं करायची गरज नाही. आहे त्या भोकात एकच मिलीमीटर वाढवायचं असतं म्हणून ड्रिल एकदम खातं आणि तिरकं ओढतं, मशीन स्लो ठेवा आणि दोन्ही हातानं सरळ धरा. टॅपला पण फ्लूटमध्ये, म्हणजे त्याच्या उभ्या खाचांत, ग्रीस भरायचं. पहिला टॅप हातानं उभा धरून अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, मागं घेताना बुरा तुटल्याचा टचकन आवाज हाताला कळतो, तो आला की परत पुढं. जड वाटलं तर जोर करू नका, बाहेर काढा, पुसा, ग्रीस भरा, परत घाला. त्या भोकात टॅप मोडला तर मग काम खरंच लेथवाल्याकडं जातं. झाल्यावर बुऱ्याचं काळं ग्रीस तारेनं सगळं काढा, डिझेलनं धुवा, नवा निप्पल लावून गन मारा आणि दोन्ही बाजूंनी आधी काळं मग स्वच्छ ग्रीस येईपर्यंत मारत रहा. बुरा आत राहिला तर तो बुशला रोज घासणार, म्हणून इथं घाई नको.

भिंत पातळ असेल, मोठं भोक मारायला जागाच नसेल, तर लेथवाल्याकडून बाहेरून मोठे आटे आणि आतून निप्पलचे आटे असा छोटा बुश करून घेता येतो, पण त्याला पण जागा लागतेच, आधी त्याला पार्ट दाखवा. आमच्या भागात चांगले टर्नर मिळतात, १९१० पासून किर्लोस्करवाडी शेजारी आहे, लेथचं काम इथं जुनं आहे. तुमच्याकडं कुपवाड किंवा मिरज एमआयडीसी जवळ असेल तर तिकडं होईल.

वेल्डिंगला नाही का म्हटलं, तर ते सपोर्ट आणि एक्सलचे बरेच भाग बिडाचे असतात, बिडाला साधा टाका मारला की बाजूनं चीर जाते, शिवाय निप्पलच्या आतली स्प्रिंग आणि गोळी उष्णतेनं जाते आणि पुढच्या वेळी निप्पल काढायचा म्हटलं तर कापावा लागतो. एम-सील तेलकट लोखंडाला धरत नाही आणि शंभर किलोच्या जोरापुढं टिकत नाही. टेफ्लॉन टेपचं पण तसंच, तिचे तुकडे आत जाऊन वाट अजून बंद होते. निम्मे आटे शिल्लक असतील आणि सीझन चालू आहे, गाडी थांबवता येत नाही, तर पेट्रोलनं आटे कोरडे साफ करून लॉकटाईट (आटे धरून ठेवणारा डिंक) लावा आणि रात्रभर सुकू द्या, तेवढ्यावर काही दिवस निघतील, पण वाट मोकळी असली तरच.

हे सगळं सेंटर पिन, ट्रॉलीची पिन, पाट्याची शॅकल पिन असल्या जाड भागांना. टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंटचा निप्पल गेला तर तिथं ड्रिल लावू नका, पार्ट बदला, स्टेअरिंगचा प्रश्न आहे आणि मागं ट्रॉलीत टनावारी ऊस असतो. शाफ्टच्या जॉइंटमधल्या क्रॉसचं पण तेच, तो कडक केलेला असतो, टॅप मोडतो, आणि नवा क्रॉस त्यापेक्षा परवडतो.

अजून एक, हे खरंच मनावर घ्या. गन मारताना निप्पलच्या समोर तोंड किंवा हात ठेवू नका, आणि लीक होतंय का हे बोट लावून बघू नका. प्रेशरचं ग्रीस कातडीतून आत घुसतं, वरून नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि दुखत पण नाही फारसं, पण आत बोट सडायला लागतं. असं कुणाला झालं तर घरी हळद लावत बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या आणि ग्रीस आत गेलंय असं डॉक्टरला स्पष्ट सांगा.

नवा निप्पल बसला की वरून प्लास्टिकची टोपी लावा, चिखल आत जात नाही, आणि गन लावायच्या आधी निप्पलचं तोंड फडक्यानं पुसा. किती तासानं मारायचं ते तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं, पण ऊस वाहतूक आणि चिखलात त्याच्या आधीच मारा. जुन्या निप्पलचा व्हर्नियर लावलेला फोटो टाका, साईज सांगतो.