फुफीच्या दर्सवर प्रबंध होतो का?

प्रश्न : मी समाजशास्त्रात एम. ए. करतेय. आमच्या गल्लीत फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, दर शुक्रवारी बायकांचा दर्स भरतो. कुराण वाचतात, अर्थ लावतात, मग बराच वेळ बोलत बसतात. मला लघुप्रबंध त्यावर करायचाय. गाईड म्हणतात, "तू मुस्लिम आहेस, तलाक नाहीतर बुरखा घे." भाऊ म्हणतो, "जेंडर-बिंडर हे बाहेरून आलेलं खूळ आहे." काय करू?
– रु. म., कोल्हापूर

उत्तर : रु., दर्सच घे.

मी माझ्या प्रबंधासाठी चार वर्षं इचलकरंजीत यंत्रमागाच्या कांड्या भरणाऱ्या बायकांची मजुरी मोजत फिरले. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न आला, "तुमच्यात शिकायला घरून परवानगी कशी मिळाली?" दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगात राहून शिकलेल्या माझ्या अब्बांनीच मला कॉलेजात घातलं होतं. मजुरीवर शेवटपर्यंत कुणी काही विचारलं नाही. ते अजून सलतं.

आता भावाचं. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसींनी एकदा ओळखीच्या वाण्याला विचारलं, बाई मुसलमानांचं नेतृत्व करू शकते का? वाणी हादरला. दुकानातल्या गिऱ्हाइकानं हदीस, म्हणजे पैगंबरांचं म्हणून सांगितलं जाणारं वचन, ऐकवली : ज्यांनी कारभार बाईच्या हाती दिला, त्यांचं भलं होणार नाही. मर्निसींना तिथं उत्तर सुचलं नाही. घरी येऊन त्या हदीसचे ग्रंथ काढून बसल्या. ही सांगितली कुणी, आणि कधी? रावी, म्हणजे ती पुढं सांगणारे, निघाले अबू बकरा (खलिफा अबू बक्र ते वेगळे). इ. स. ६५६ मध्ये उंटाच्या लढाईत फौजेचं नेतृत्व करणाऱ्या पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा हरल्या, त्या धामधुमीत अबू बकरांनी ती सांगितली होती. पैगंबरांना जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. १९८७ साली मर्निसींनी हे सगळं पुस्तकात मांडलं. रावी तपासून घेणं ही हदीस अभ्यासणाऱ्या आलिमांची जुनी रीत आहे, ती कुठून बाहेरून आलेली नाही. भावाला एवढं सांग. न पटलं तर राहू दे, त्याच्यासाठी प्रबंध अडवू नकोस.

गाईडना सबा महमूद दाखव. पाकिस्तानात जन्मलेल्या सबांनी कैरोतल्या मशिदींत बायका बायकांना धडे देतात, त्यावरच काम केलं. पुस्तक २००५ चं. तिथं येणारी प्रत्येक बाई एक तर दबलेली, नाहीतर बंडखोर, असे दोनच खण करू नका, हे त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. फक्त घर, जमीन, पैसा त्यांच्या लिखाणात मागे पडतो असं मला वाटतं, आणि तू तिथंच कान दे. कुराणात मुलीचा वाटा ठरवून दिलाय, मुलाच्या निम्मा. तरी आपल्याकडं किती बहिणी भावाला हक्कसोडपत्र लिहून देतात! शेजारच्या पाटलांच्या, माळ्यांच्या लेकीही देतात. माहेर तुटू नये म्हणून. दर्समध्ये विरासतीची, म्हणजे वारसाहक्काची, आयत येते तेव्हा कोण बोलतं, कोण गप्प होतं, फुफी काय अर्थ सांगते, कुणी फोनवर ऐकलेलं बयान (प्रवचन) मध्ये आणतं का, हे त्याच रात्री वहीत उतरवून ठेव.

रेकॉर्डिंगआधी प्रत्येकीला विचार. एकीनं जरी नको म्हटलं तरी फोन पिशवीत ठेव. गल्लीत बाई नुसत्या खोकण्यावरून ओळखतात, तेव्हा नाव बदलून भागणार नाही. भावांची संख्या, नवऱ्याचा धंदा, घराची खूणही बदल. आराखडा झाला की मासिकाच्या पत्त्यावर पाठव. गाईडना देण्याआधी मी वाचून देते.