व्यवसाय कराचे दोनशे रुपये आणि लेकीची ‘पब्लिक पॉलिसी’

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगी लातूरला राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अभ्यासात चांगली आहे, पण स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायला तयार नाही. ‘मला पब्लिक पॉलिसी करायचीय’, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करायचाय, म्हणते. ‘अधिकारी व्हायचं नाही आणि काम मात्र सरकारी योजनांचं, हे काय असतं? त्यावर पोट भरतं का?’ असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहात, तेव्हा तुमच्या पगारपत्रकापासूनच सुरुवात करते. त्यात दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५च्या कायद्यानं आला तो मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना १९६५च्या सुमारास तासगाव तालुक्यात आधी करून पाहिली. १९७२मध्ये राज्यानं ती स्वीकारली. त्याच वर्षीच्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला आली आणि काम मागणाऱ्यांची संख्या केवढी असू शकते ते सगळ्यांनी पाहिलं. पुढे पैशाची सोय झाली, १९७७मध्ये विधिमंडळानं कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. २००५मध्ये संसदेनं देशासाठी असाच कायदा केला. एका तालुक्यातला प्रयोग संसदेपर्यंत जायला चाळीस वर्षं लागली. तुमची लेक जे शिकू पाहतेय ते हेच: कल्पना कुठून येते, पैसा कोण देतं, कायद्यात कोणता शब्द बसतो.

पण माझ्या मते खरा अभ्यास कायदा झाल्यावर सुरू होतो. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर बेकार भत्ता द्यायचा, असं २००५चा कायदा म्हणाला. पंधरा दिवस मोजायचे कुठून? अर्जाच्या तारखेपासून. मजूर बाईला तारीख घातलेली पोचच मिळाली नाही, तर तिनं काम मागितलं होतं हे सिद्ध कसं करायचं? कागदोपत्री तिची मागणी उरतच नाही, भत्त्याचा प्रश्नही मिटतो. संसदेत दिलेला हक्क ग्रामपंचायतीच्या टेबलावर एका पोचपावतीसाठी अडतो. ही अडचण शोधायची, किती गावांत आहे ते मोजायचं, नियम कुठे बदलावा ते लिहून द्यायचं, आणि बदलल्यावर पुन्हा गावात जाऊन पाहायचं, हे या क्षेत्रातलं काम. मला ते फार मोलाचं वाटतं.

आता पोटाचं. संशोधन संस्था, सामाजिक संस्था, सरकारी विभागांना सल्ला देणाऱ्या कंपन्या, आमदार-खासदारांची कार्यालयं इथे नोकऱ्या आहेत. सुरुवातीच्या बहुतेक कंत्राटी असतात, वर्ष-दोन वर्षांच्या. पेन्शनची खात्री हवी असेल, तर हा रस्ता नव्हे. मुख्यमंत्री फेलोशिप आहे, खासदारासोबत काम करायची ‘लॅम्प’ फेलोशिप आहे; दोन्हींना पदवी आणि वयाची अट असते, ती जाहिरातीत पाहावी. शिक्षणासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्था (तुळजापूरचं केंद्र तुम्हाला जवळ पडेल), पुण्याची गोखले संस्था, आयआयटी मुंबईचं धोरण अभ्यास केंद्र, बंगळूरूचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ ही नावं लिहून ठेवा. संख्याशास्त्र आणि इंग्रजी लेखन या दोन गोष्टी तिनं आत्तापासून पक्क्या कराव्यात. राज्यशास्त्राची मुलं नेमकी इथेच मागे पडतात. मराठी मात्र तिची ताकद आहे: शासन निर्णय मराठीत निघतात, ते नीट वाचून ग्रामसेवकाशी त्याच भाषेत बोलू शकणारी माणसं दिल्लीच्या संस्थांना सहज मिळत नाहीत.

आणि स्पर्धा परीक्षेला तिनं कायमचा नकार द्यायची गरज नाही. हा अभ्यास तिथेही कामी येतो.

क्लासची फी भरण्याआधी एक करा. दिवाळीच्या सुट्टीत तिला एकच योजना निवडू द्या, तुमच्याच शाळेचा पोषण आहार चालेल. त्याचा शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावरून काढून तिनं पूर्ण वाचावा, मग तांदूळ शाळेत कधी पोचतो, स्वयंपाकी ताईंचं मानधन कधी जमा होतं, नोंदवही कोण भरतं, हे आठवडाभर बसून टिपावं. कंटाळली, तर तिचं तिलाच कळेल. चार पानं लिहून झाली, तर ती मला पाठवा. कुठल्या प्रवेश परीक्षेला बसायचं ते त्यावरून ठरवू.

तुमची,
मार्गदर्शक ताई