पूर्ण झालेला चित्रपट प्रदर्शित न करता डब्यात ठेवल्याने स्टुडिओचा फायदा कसा होतो?

अमेरिकेत चित्रपटाचा निर्मितीखर्च अनेकदा एकाच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. तो मालमत्ता म्हणून नोंदवून, उत्पन्न येत जाईल तसा टप्प्याटप्प्याने वजा करावा लागतो. मात्र स्टुडिओने चित्रपट कायमचा सोडून दिल्याचे जाहीर केले, तर उरलेला सगळा खर्च तोटा म्हणून लगेच दाखवता येतो.

यामुळे खर्च परत मिळतो, हा समज मात्र चुकीचा आहे. कंपन्यांवरील केंद्रीय कर २१ टक्के असल्याने ९ कोटी डॉलरच्या तोट्यावर फार तर १.९ कोटी डॉलर कर वाचतो. खरी बचत बहुधा जाहिरात आणि वितरणाच्या खर्चात असते, कारण मोठ्या चित्रपटासाठी तो खर्च कधीकधी निर्मितीखर्चाच्या जवळ जातो. वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ९ कोटी डॉलरचा ‘बॅटगर्ल’ संकलनाच्या टप्प्यावर असताना रद्द केला, तेव्हा कंपनी नुकत्याच झालेल्या विलीनीकरणानंतर कर्जाच्या मोठ्या ओझ्याखाली होती.

कायद्याच्या चौकटीत हे बसत असले, तरी शेकडो कलावंत-तंत्रज्ञांचे काम कोणालाही न दाखवता गाडून टाकणे मला अन्यायकारक वाटते. निदान दुसऱ्या वितरकाला तो चित्रपट विकत घेण्याची खरी संधी तरी दिली पाहिजे. तसे होऊ शकते: याच स्टुडिओने नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजूला टाकलेला ‘कोयोटी व्हर्सेस अ‍ॅक्मी’ मोठ्या निषेधानंतर २०२५ मध्ये केचम एंटरटेनमेंटने विकत घेतला.